हन्नाचे माप

शास्त्रवाचन : १ शमुवेल २:१८-२१, रोमकरांस पत्र १२:१३

हन्नाने आपल्या शमुवेलाला शिलो येथे देवाच्या सेवेसाठी ठेवले, ही गोष्ट संडे-स्कूलमधल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्या गोष्टीच्या पुढे एक लहानसे वचन आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती माता दर वर्षी मुलासाठी एक झगा तयार करी आणि वार्षिक यज्ञासाठी पतीबरोबर जाताना तो त्याला नेऊन देई. आता विचार करा. मुलगा डोळ्यांपुढे नाही आणि झगा तर अंगाला बसला पाहिजे. वर्षभरात तो किती वाढला असेल, याचा अंदाज तिला रामा गावी बसून मनाशीच बांधावा लागत असणार. मागच्या वर्षीचे माप उपयोगाचे नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागतात, पेढे वाटले जातात, रविवारी मंडळीत मुलांची नावे घेऊन पाळकसाहेब प्रार्थना करतात. हे सर्व योग्यच आहे. पण मुलगा किंवा मुलगी घराबाहेर पडते तेव्हा आपण तिच्या हाती जो झगा देतो तो पुष्कळदा चौथीतल्या मापाचा असतो. प्रार्थना कर, वाईट संगत धरू नको, पैसे जपून वापर. बस्स. वसतिगृहातला सोबती, देव आहे हे कशावरून, म्हणून विचारील; प्रयोगशाळेत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाविषयी प्रश्न निघेल; कोणी आडनाव विचारून जात चाचपडून पाहील. या प्रश्नांशी आपल्या मुलांची पहिली गाठ परक्या गावीच का पडावी? संडे-स्कूलच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, दाविदाची गोफण शिकवून झाल्यावर थोरल्या वर्गाला ईयोबाचे पुस्तकही उघडून द्यावे. उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगावे. मुले त्याने बिघडत नाहीत.

हे लिहिताना नंदेसरीसारख्या ठिकाणची आपली कुटुंबे आमच्या डोळ्यांपुढे आहेत. वडोदऱ्याच्या उत्तरेस, महीच्या काठापासून जवळच असलेली ही जी.आय.डी.सी. वसाहत रसायनांच्या कारखान्यांची. पोटासाठी महाराष्ट्रातून आलेल्या माणसांनी या भागात संसार थाटले. त्यांची मुले शाळेत गुजराती शिकतात, गल्लीत गुजराती बोलतात, घरी आईशी मराठी. हिंदी शिकल्यामुळे मराठी बायबलातली अक्षरे त्यांना लागतात, पण ‘नीतिमत्त्व’ आणि ‘प्रायश्चित्त’ येथे ती अडतात. अशा मुलाला गुजराती बायबल अधिक जवळचे वाटत असेल तर त्याने ते खुशाल वाचावे. मराठी आपल्याला प्यारी आहे, आणि घरातली प्रार्थना मराठीतच व्हावी असे आम्हालाही वाटते. पण भाषेच्या हट्टापायी मुलाचे वाचनच बंद पडले, तर आपण काय राखले?

दुसरी गोष्ट पोटाची. अशा वसाहतीत निकालाच्या आधीच कंत्राटदाराचा निरोप दारी येतो : पोराला पाठवा, हेल्परचे काम आहे. घरात देणे असते, धाकटी भावंडे असतात. जो बाप हो म्हणतो त्याला आम्ही दोष देणार नाही. मात्र दोन गोष्टी त्याने जाणून घ्याव्यात. २०१६ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाला धोक्याच्या कामावर घेता येत नाही, आणि दहावी झालेले पोर तर सोळाचेही नसते. दुसरी गोष्ट अशी की, हेल्पर म्हणून गेलेला मुलगा हातात हुन्नर नसेल तर पंचविसाव्या वर्षीही हेल्परच राहतो. त्याच कारखान्यांना लागणारा ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा शिक्षणक्रम आय.टी.आय.मध्ये दोन वर्षांचा आहे. फिटर आहे, इलेक्ट्रिशियन आहे. कॉलेजात गेला तो हुशार आणि आय.टी.आय.ला गेला तो मागे पडला, ही समजूत मंडळीतून जितक्या लवकर जाईल तितके बरे. गमलियेलाच्या पायांशी बसून शिकलेला पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. आणि वडोदऱ्याला तर हे नवीन नाहीच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले ते हुन्नर शास्त्रशुद्ध रीतीने शिकवण्यासाठीच. रंगाईचे शिक्षणही तेथे मिळे.

नापास झालेल्यांविषयी थोडेसे. त्यांची नावे प्रार्थनेत येत नाहीत. ती मुले त्या रविवारी उपासनेलाही येत नाहीत. योहान मार्क पिर्गा येथून अर्ध्या वाटेवर परत फिरला, तेव्हा पौलाने त्याला पुढच्या फेरीत घेण्यास साफ नकार दिला. बर्णबाने मात्र त्याला सोबत घेतले व तारू धरून कुप्रास नेले. पुढे म्हातारपणी, बंदीत असताना, तोच पौल तीमथ्याला लिहितो की, येताना मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी आहे. पौल बरोबर की बर्णबा, हा वाद पंडितांनी घालावा. निकालाच्या आठवड्यात त्या मुलाच्या घरी जाऊन चहा घेणारा एक बर्णबा प्रत्येक मंडळीत असावा, एवढेच आम्ही मागतो.

आता वडोदऱ्याचीच एक हकिगत सांगावयाची आहे, आणि ती सांगणे आपल्याला सुखाचे नाही. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला. महार समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी केवढी गोष्ट! त्याच्या सत्काराला विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर होते. हा मुलगा बागेत एकटाच वाचत बसलेला त्यांनी पूर्वी पाहिला होता व त्याची विचारपूस केली होती. त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण पडली तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली महाराजांच्याच साहाय्याने ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले.

१९१७ साली परतून ते कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. एवढा विद्वान, पण राहायला खोली मिळेना. एका पारशी सराईत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्याने बजावले. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे सांगितले. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. पतीचे विचार बदलले होते, पण पत्नीला तो पाहुणा घरात चालला नसता, असे बाबासाहेबांना मागाहून कळले. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. रात्री नऊची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

सगळा दोष त्या बाईंवर टाकून आपल्याला मोकळे होता येईल. पण पतीने घरात हा विषय कधी काढला होता काय? त्या घरात बायबल होते, प्रार्थना होत होती असे धरून चालू. जिची परीक्षा घेण्याची वेळ आली ती खोली मात्र बंद होती. पाहुणचाराविषयी रोमकरांस पत्रात पौलाने वापरलेल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मागे लागणे, पाठलाग करणे असा आहे. दार वाजल्यावर उघडणे एवढ्याने ते वचन पुरे होत नाही.

म्हणून मंडळीच्या पंचांना आमचे सांगणे आहे. जून महिना लागण्यापूर्वी, आपल्यातली कोणती मुले कोणत्या गावी शिकायला जात आहेत याची यादी करावी आणि तेथल्या पाळकांना प्रत्येकाविषयी वेगळे पत्र लिहावे; फोन झाला असला तरी पत्र लिहावेच. तसेच बाहेरगावची कोणती मुले-मुली आपल्या भागात शिकण्यास वा उमेदवारीस आली आहेत, याचा शोध संडे-स्कूलच्या शिक्षकांनी घ्यावा. त्यांना महिन्यातून एकदा रविवारचे जेवण कोणाकडे, आणि खोली मिळेपर्यंत आठ दिवस कोणाकडे, हे घरोघरी विचारून ठेवावे. विचारताना पती व पत्नी दोघेही समोर बसलेली असावीत.