दुसऱ्या पंपावरचा भरवसा

बूस्ट पंप म्हणजे विमानाच्या इंजिनाला इंधन पुरवणारा, विजेवर चालणारा दुसरा पंप. पहिला पंप इंजिनावरच बसवलेला असतो आणि इंजिन फिरते तोवर चालतो. टाक्या वरच्या पंखात असल्या, तर कार्ब्युरेटरच्या छोट्या इंजिनाकडे इंधन आपसूक उतरते, तिथे बहुधा दोन्हींची गरज पडत नाही. पंख खाली असला, की इंधन वर चढवावे लागते. अमेरिकेत लोकांनी घरी बांधलेल्या विमानांत व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिका विशेष लोकप्रिय आहे आणि तिच्यातली बहुतेक विमाने खालच्या पंखाची आहेत. अशा विमानासाठी बूस्ट पंप निवडताना तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न फार ठोस रूपात समोर येतो: जे अजून घडलेले नाही, त्याबद्दल खात्री बाळगण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो?

आकड्यांचा भाग लवकर आटोपतो. कार्ब्युरेटर असलेल्या लायकमिंग ओ-३६० इंजिनाला अर्धा ते ८ पीएसआय दाब चालतो. त्याहून जास्त दाब आला, तर कार्ब्युरेटरची सुई-झडप तो अडवू शकत नाही आणि इंजिनात इंधन तुंबते. इंजेक्शनच्या अनेक लायकमिंग इंजिनांना मात्र किमान १४ पीएसआय लागतो. म्हणजे एकाचा योग्य पंप दुसऱ्याला निकामी. प्रवाहाचे गणितही सोपे आहे. १८० अश्वशक्तीचे इंजिन उड्डाणाच्या वेळी तासाला सुमारे ५७ लिटर इंधन घेते. कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमावलीत पंपाच्या व्यवस्थेसाठी १२५ टक्के प्रवाहाची अट होती, त्या हिशेबाने सुमारे ७१ लिटर. घरी बांधलेल्या विमानाला ही नियमावली लागू नव्हती, तरी आकडा शहाणपणाचा आहे.

पंप कुठे बसवायचा, हा प्रश्न अधिक खोल जातो. पंप इंधन ओढतो तेव्हा त्याच्या मागच्या नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की इंधन कमी उष्णतेतही उकळते. तापलेल्या इंजिनाजवळ नळीत वाफ धरली, तर इंजिनावरचा पंप धडधाकट असूनही त्याच्या हाती द्रव इंधन लागत नाही. म्हणून बूस्ट पंप टाकीजवळ, खालच्या आणि थंड जागी बसवतात, म्हणजे तो पुढच्या नळीत इंधन दाबाखाली ढकलतो. इथे दुसरा पंप पहिल्याची नुसती नक्कल राहत नाही. पहिला ज्या कारणाने हरतो, नेमके ते कारण तो दूर करतो.

भरवशाचे मर्म याच भेदात आहे. न्यायदर्शनात सदोष अनुमानाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे: अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी सरपण ओले असावे लागते. अनुमानात न सांगितलेल्या या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. ‘पंप दोन आहेत, म्हणून इंधन येत राहील’ या अनुमानातही अशीच उपाधी दडलेली आहे: दोन्ही पंप एकाच कारणाने बंद पडता कामा नयेत. दोघांच्या मागे एकच गाळणी असेल आणि ती कचऱ्याने भरली, किंवा टाकीची हवेची वाट बुजली, तर पंपांची संख्या काही कामाची नाही. त्यावर उपाय दुसऱ्या टाकीकडे वळवणारी चावी, तिसरा पंप नव्हे. मालिकेत जोडलेला बूस्ट पंप बंद असताना त्यातून इंधन वाहू शकले पाहिजे, नाहीतर मदतीला आणलेला पंपच वाट अडवतो. त्या नियमावलीत आणीबाणीच्या पंपाची ऊर्जा मुख्य पंपाहून स्वतंत्र असावी, असे कलम होते. त्यामागचा विचार पुरता नैयायिकाचा आहे.

रोटॅक्स ९१२ आयएससारख्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात दोन्ही पंप विजेचेच असतात. तिथे स्वातंत्र्य पंपांच्या जातीतून मिळत नाही, ते वायरिंगमध्ये उभे करावे लागते. दोन्ही पंप एकाच फ्यूजवर जोडले, तर दोन पंप बसवल्याचे समाधान तेवढे उरते.

दोन्ही पंप सतत चालू ठेवणे सुरक्षित वाटते, पण त्यात ज्ञान हरवते. दाबाचा काटा ठीक दिसतो आणि दोघांतला एक कधीच बंद पडलेला असू शकतो. म्हणून वैमानिक इंजिन सुरू करण्याआधी एकट्या बूस्ट पंपाचा दाब पाहतो आणि पुरेशी उंची गाठल्यावर तो पंप बंद करून इंजिनावरच्या पंपाने दाब धरला का, तेही पाहतो. ‘आजवर चालला’ हे विधान कालपुरते खरे असते. ही तपासणी आजच्या उड्डाणाबद्दल काहीतरी सांगते.

उरतो कर्तव्याचा प्रश्न. अमेरिकी कायदा घरी बांधलेल्या विमानाला परवानगी देतो तो बांधणाऱ्याने विमानाचा मोठा भाग स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधला, या आधारावर. त्यामुळे दुसऱ्याच्या विमानात चालतो म्हणून तोच पंप न समजता उचलणे, हे त्या परवानगीच्या पायालाच धक्का लावणारे आहे. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांचे सुरक्षानियम पाळत नाही, अशी सूचना प्रवाशाच्या नजरेस पडेल अशी लावावी लागते. ती वाचून प्रवासी धोक्याला संमती देतो खरा, पण गाळणी एक आहे की दोन, पंपांचा फ्यूज सामायिक आहे का, हे त्याला ठाऊक नसते आणि ते त्याने विचारावे अशी अपेक्षाही रास्त नाही. त्याच्या संमतीत जे ज्ञान नाही, ते बांधणाऱ्यापाशी असलेच पाहिजे. सुरुवातीची, साधारणपणे २५ किंवा ४० तासांची चाचणी-उड्डाणे प्रवाशाविना करायची असतात, ती यासाठीच वापरावीत. पुढे पंपाची जात, जागा किंवा वायरिंग बदलले, तर नियमाची वाट न पाहता तीच पडताळणी एकट्याने पुन्हा करावी आणि मगच शेजारच्या आसनावर कोणाला बसवावे.