मॅक्नमारांचे डोळे

राजारामपुरीत मित्राच्या घरी, बाहेर पाऊस कोसळत असताना, एरॉल मॉरिसचा 2003 सालचा ‘द फॉग ऑफ वॉर’ हा माहितीपट पाहिला. पडद्यावर पंच्याऐंशीचे रॉबर्ट मॅक्नमारा, व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री. कॅमेऱ्याची मांडणीच अशी, की ते थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतात. मार्च 1945 मध्ये टोकियोत एका रात्रीत लाखभर माणसं मेली, त्या बॉम्बफेकीच्या यंत्रणेत आपण होतो, हरलो असतो तर युद्धगुन्हेगार ठरलो असतो, हे ते सांगून टाकतात. पण डोळे भरून येतात ते केनेडींच्या दफनाच्या जागेची आठवण काढताना. पद सोडल्यावर व्हिएतनामबद्दल गप्प का राहिलात, असं विचारलं की म्हातारा पुन्हा मुत्सद्दी होतो. मला हा माहितीपट लक्षात राहिला तो त्या न दिलेल्या उत्तरामुळे.

चहा घेताना विषय यशवंतराव चव्हाणांवर आला. कोल्हापुरात तो यायचाच. इथल्याच राजाराम कॉलेजातून ते 1938 साली बी.ए. झाले. मॅक्नमारांचे ते समकालीन, भारताचे संरक्षणमंत्री. मे 1964 मध्ये वॉशिंग्टनला त्यांना भेटलेही होते. तेवढ्यात नेहरू गेले आणि दौरा अर्धवट राहिला.

1 सप्टेंबर 1965 रोजी जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, सेनाप्रमुख जनरल चौधरींनी विमानांची मदत मागितली आणि चव्हाणांनी मंत्रिमंडळाची वाट न पाहता काही मिनिटांत होकार दिला. आपल्याकडे ही गोष्ट टाळ्या घेते. त्याच संध्याकाळी आपली चार जुनाट व्हॅम्पायर विमानं पडली, हे टाळ्यांत बुडून जातं.

त्या दिवसांची चव्हाणांची रोजनिशी त्यांचे सचिव राम प्रधान यांनी 2007 मध्ये पुस्तकरूपात आणली. तिच्यातल्या माणसाला युद्धाचा शेवट ठाऊक नाही. सेनाप्रमुख खचले तर त्यांना धीर द्यायचा, मग स्वतःचं काय वाटतं ते रात्री वहीत. मॅक्नमारांच्या पश्चात्तापाला चाळीसएक वर्षं मुरायला मिळाली. म्हणून मला ही कच्ची वही जास्त खरी वाटते.

मात्र वहीला उलट प्रश्न विचारता येत नाही. आणि आपल्याकडे चीनकडून झालेल्या 1962 च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवालही सरकारने अजून खुला केलेला नाही. तिथे चव्हाणांसमोर कॅमेरा लावून त्या चार विमानांबद्दल कोण विचारणार होतं? ते 1984 मध्ये गेले.

“विचारलं असतं तरी,” कप उचलत मित्र म्हणाला, “साहेबांनी आधी चहा मागवला असता.”