आईची सही

कर भरणे हे नागरिकाचे नैतिक कर्तव्य आहे, याविषयी आपणा ख्रिस्ती माणसांत तरी दुमत नसावे. कैसराच्या नाण्याचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु कर मागताना कैसराने माझ्या घरात किती माणसे जेवतात हे विचारावे की नाही, हा प्रश्न त्या प्रसंगात येत नाही. आपल्या देशाच्या प्राप्तिकराने मात्र त्याचे उत्तर वारंवार बदलले आहे.

१९५५ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहितांच्या उत्पन्नाचा करमुक्त टप्पा दोन हजार रुपयांवर नेला आणि अविवाहितांचा एक हजारावर आणला. दोन-तीन वर्षांतच मुलांसाठीही, दोघांपर्यंत, जादा सूट आली. हेतू चांगला होता. पण लग्न न करता विधवा आई आणि धाकटी भावंडे पोसणारा थोरला मुलगा (आपल्या गावांत असे किती तरी होते!) या हिशेबात एकटाच ठरला. कालांतराने ती विभागणी गेली. १९७३-७४ मध्ये, यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. १९९७ साली वरचा दर ३० टक्क्यांवर आला.

नोकरदार घराला या शिखरांशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याला आठवतात त्या वजावटी : विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी, घराचे कर्ज, घरभाडे. वजावट म्हणजे कुटुंबाच्या ओझ्याची राज्याने घेतलेली दखल. त्या दखलीचे मी काय केले, ते सांगितले पाहिजे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी आईच्या नावावरील घरात, तिच्याच हातचे जेवून राहत होतो आणि दरवर्षी कचेरीत तिच्या सहीच्या भाडेपावत्या सादर करीत होतो. पावतीचा नमुना सहकाऱ्यांनीच दिला होता. रेव्हेन्यू तिकिटावर सही करताना तिने एकदा विचारले, "तू मला भाडे कधी दिलेस रे?"

"कागदापुरते आहे," मी म्हणालो. तिने सही केली.

सही खरी होती. मजकूर खोटा होता आणि तो मी लिहिला होता. रक्कम लहान आहे, सरकारी पैसा कुठे जातो ते सर्वांना ठाऊक आहे, असे मी मनाला समजावीत असे. हा युक्तिवाद आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही चालतो. मात्र पावत्या दाखवायला ज्याच्याकडे पगाराची नोकरीच नाही, तो मजूर साबणाच्या वडीवर कर भरतच असतो. त्याच्या घरात किती माणसे आहेत, हे दुकानदाराचे बिल विचारीत नाही.

२०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीत दर कमी झाले आणि बहुतेक वजावटी गेल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. विवरण सोपे झाले, हे खरे. पण वीस लाख मिळवणारा एकटा माणूस आणि तेवढ्याच पगारात आजारी आईवडील व दोन मुले सांभाळणारा माणूस आता सारखाच कर भरतात. मला हे न्यायाचे वाटत नाही. मात्र आमच्यासारख्यांच्या खोट्या पावत्यांनी जुन्या दखलीची किंमत घालवली, हेही मला नाकारता येत नाही.

राहून गेलेले उत्पन्न दाखवून कर भरण्यासाठी अद्ययावत विवरणपत्राची सोय २०२२ पासून आहे. तिची मुदत आता चार वर्षांची आहे. माझ्या पावत्या त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. घेतलेले परत करावे, अशी शिकवण मला आहे. परत कोणाच्या हाती द्यावे, ते अजून ठरत नाही. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग माझे भाडे तरी दे."