समोरून येणारी गाडी

आप्पांनी 31 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर. कुंभार्ली घाटाचं कुठलं वळण पावसात कसं वागतं, हे ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्यामुळे नातवाने टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळून, पायांशी पेडल मांडून "मी गाडी शिकतोय" असं जाहीर केलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून त्याच्या मागे बसले.

हा नातू म्हणजे माझा भाचा, तेव्हा 19 वर्षांचा. पडद्यावर जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग होता, रानातून चढत-उतरत जाणारा, जवळजवळ 21 किलोमीटरची फेरी असलेला ट्रॅक. आप्पा अर्धा तास बघत राहिले.

"ब्रेक वळणाच्या आधी मारतोस, वळणात नाही. हे कुणी शिकवलं?"

"गेमनेच. वळणात जोरात मारला की गाडी वळतच नाही, सरळ बाहेर जाते."

"आणि नजर कुठे असते?"

"वळण जिथे सुटतं तिथे."

आप्पांनी समाधानाने मान हलवली. या दोन गोष्टी नव्या ड्रायव्हरांच्या अंगी बाणवताना त्यांचा घसा कोरडा पडायचा. भाच्याला हुरूप आला. त्याने जान मार्डनबरोची गोष्ट सांगितली. ब्रिटनमधल्या या मुलाने 'ग्रान टुरिस्मो' हा गेम खेळत 2011 साली गेमवाल्यांची स्पर्धा जिंकली. त्यातून त्याला खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसायला मिळालं, आणि 2013 मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं आणि एकच विचारलं,

"या रस्त्यावर समोरून कुणी येत नाही का रे?"

"ट्रॅक आहे आप्पा. सगळे एकाच दिशेने जातात."

"हं," आप्पा म्हणाले.

पुढे भाच्याच्या हातात शिकाऊ लायसन्स आलं. महिनाभर गावातल्या रस्त्यांवर सराव झाल्यावर एका रविवारी आम्ही घाट उतरायला निघालो. भाचा स्टिअरिंगवर, शेजारी आप्पा, मागे मी. "ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा," एवढंच आप्पांनी सुरुवातीला सांगितलं. पोरगा खरंच छान चालवत होता. स्टिअरिंगला हिसका नाही, ब्रेकवर सतत पाय नाही. महिनाभर शिकलेला मुलगा असा चालवत नाही, याचं श्रेय त्या गेमला द्यायलाच हवं.

मग एक उजवं वळण आलं. आतल्या बाजूला डोंगराचा कडा, पलीकडचं काही दिसत नव्हतं. भाच्याने गाडी डाव्या कडेला नेली, नेमका ब्रेक मारला आणि सुरेख गोलाईने ती वळणाच्या आत घातली, अगदी कड्याला लागून. शर्यतीत हीच रेघ सगळ्यात वेगवान. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरली की वळणाचा बाक कमी होतो आणि वेग टिकतो.

त्याच रेघेवर खालून एसटी चढत होती.

भाचा गांगरला नाही. स्टिअरिंग सरळ केलं, ब्रेक पूर्ण दाबला. तिकडे एसटीवाल्यानेही करकचून ब्रेक मारला. दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर राहिलं.

आप्पा खाली उतरले. एसटीच्या ड्रायव्हरसमोर त्यांनी हात जोडले. "चूक आमची आहे. पोरगा शिकतोय." त्या माणसाने काचेवरचा लाल 'एल' पाहिला आणि फक्त मान हलवली. आम्ही गाडी मागे घेऊन डावीकडे लावली, चढणाऱ्याला वाट दिली. एसटीच्या खिडक्यांमधून माणसं आमच्याकडे बघत गेली. एका बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल होतं.

भाचा बराच वेळ त्या एसटीच्या मागच्या काचेकडे बघत राहिला.

"हात-पाय तयार आहेत तुझे," आप्पा म्हणाले. "पण तू सगळा रस्ता घेतलास. आपला अर्धाच असतो."

त्या रात्री भाच्याने आप्पांना गेमसमोर बसवलं. आप्पांनी न्युर्बुर्गरिंगची पूर्ण फेरी डाव्या कडेने मारली. पलीकडचं दिसत नसेल त्या प्रत्येक वळणावर आणि चढाच्या माथ्यावर वेग कमी केला. मोकळ्या ट्रॅकवर, समोरून कुणी येणार नाही हे ठाऊक असताना. भाचा शेजारी उभा राहून शेवटपर्यंत बघत होता.

आता तो रोज खेळायला बसला की पहिली फेरी तशीच मारतो. पक्कं लायसन्स त्याला पहिल्याच टेस्टमध्ये मिळालं. घाटात आप्पा अजून त्याच्या शेजारी बसतात, आणि चिपळूण येईपर्यंत बहुतेक वेळा त्यांचा डोळा लागलेला असतो.