रान कोणाचे, तळे कोणाचे?



अरण्यात, एखाद्या सरोवराच्या काठी तंबू ठोकून दोन रात्री राहावे, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांना होत असेल. शहराच्या गलबल्यात थकलेल्या मनाला तेथे प्रार्थनेची शांतता मिळेल असे वाटते. परंतु त्या अरण्याच्या तोंडाशी नाका असेल, आणि नाव नोंदवून शुल्क भरल्यावाचून आत जाता येत नसेल, तर? देवाने निर्माण केलेल्या पाण्याकाठी बसण्यासाठी माणसाने माणसाला पैसे का द्यावेत? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या उत्तर भागात सुमारे ३५ लाख एकरांचे असे एक अरण्य आहे व ते बहुतांशी खाजगी मालकीचे आहे. लाकडाचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या, पिढीजात जमीनदार घराणी, काही निसर्गसंरक्षक संस्था असे त्याचे अनेक मालक आहेत. ‘नॉर्थ मेन वुड्स’ ही त्यांची सामाईक संस्था नाके चालवते, तळ्यांकाठी तंबूंच्या जागा राखते आणि प्रवाशांकडून दिवसाचे व रात्रीचे शुल्क घेते. रस्ते बांधले ते लाकूड वाहून नेण्यासाठी; म्हणून ओंडक्यांनी लादलेली मालमोटार समोरून आली की पाहुण्याने बाजूला व्हावे, असा तेथील नियम आहे.

परंतु याच राज्यात कायद्याची एक विलक्षण गोष्ट आढळते. दहा एकरांहून मोठे नैसर्गिक तळे तेथे सर्व जनतेचे मानले जाते. राज्यशासन ते विश्वस्त म्हणून सांभाळते. या तत्त्वाचे मूळ मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४० च्या दशकात केलेल्या नियमांत आहे, कारण मेन हा प्रदेश १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. म्हणजे रान मालकाचे, तळे सर्वांचे, आणि काठावरचा तंबू या दोहोंच्या सीमेवर उभा!

मोशेच्या नियमशास्त्रातही अशीच सीमा आखलेली आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात शिरणाऱ्याने तृप्त होईपर्यंत खावे, मात्र पात्रात भरून नेऊ नये. उभ्या पिकातील कणसे हाताने मोडावीत, मात्र विळा लावू नये (अनुवाद २३:२४-२५). प्रभूचे शिष्य शेतातून कणसे मोडून खात चालले, तेव्हा परूश्यांनी शब्बाथाचा आक्षेप घेतला. चोरीचा आरोप केला नाही (मत्तय १२:१-२). मालकाची मालकी मान्य होती, आणि वाटसरूची भूकही मान्य होती. मालकाने मूठ आवळू नये आणि पाहुण्याने हात मारू नये, असा हा दुहेरी धडा आहे.

या कसोटीवर नाक्यावरील शुल्क अन्यायाचे ठरत नाही. रस्ता राखणाऱ्याला व जागा झाडणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु ते शुल्क सेवेचे असते. त्याने रान विकत घेतले जात नाही. बाहेरून आणलेल्या सरपणाचेच पाहा. झाडे मारणारी कीड त्यातून पसरते, म्हणून परराज्यातील प्रक्रिया न केलेले सरपण आणण्यास मेनमध्ये २०१० पासून बंदी आहे. शेकोटीसाठी घरून नेलेली साधी मोळी अख्ख्या रानाचा घात करू शकते. पैसे भरले की कर्तव्य संपले, असे मानणारा पाहुणा म्हणूनच धोक्याचा.

आणि मालक तरी कोण? पेनोब्स्कॉट व पासामाक्वॉडी हे तेथील मूळ रहिवासी. आपल्या पूर्वजांच्या जमिनी केंद्रीय कायदेमंडळाच्या संमतीवाचून घेतल्या गेल्या, हे १७९० च्या कायद्याविरुद्ध होते, असे म्हणत त्यांनी राज्याच्या निम्म्याहून अधिक भूमीवर दावा सांगितला. १९८० मध्ये कायदा होऊन ८ कोटी १५ लाख डॉलरांवर तो दावा मिटला. कागदावर तो मिटला खरा. पण नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा (१ राजे २१) वाचणाऱ्याच्या मनात तो इतक्या सहज मिटेल काय?

भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परदेशी व उपरे आहात, असा परमेश्वराच्या सांगण्याचा आशय आहे (लेवीय २५:२३). हे वचन पाहुण्यापेक्षा मालकालाच अधिक उद्देशून आहे. ज्याच्या हाती खरेदीखत आहे तोही या पृथ्वीवर तंबूतच राहतो. त्याचा मुक्काम थोडा लांबला आहे, इतकेच.

वाचकहो, हा विचार दूरच्या अरण्यात सोडून देता येणार नाही. आपल्या मंडळ्यांपाशीही जमिनी आहेत: मिशनची आवारे, शाळांची मैदाने, दफनभूमी. त्या कोणी दिल्या व कोणासाठी दिल्या, हे आपण आठवतो काय? आवारातील विहिरीचे पाणी शेजारच्या वस्तीला मिळते काय? जुनी झाडे तोडून इमले उठवताना, अथवा जमिनीचा तुकडा विकताना, आपण मालकाच्या तोऱ्यात बोलतो की कारभाऱ्याच्या नम्रतेने? पुढील पिढीची मंडळी तेथे मुक्कामाला येईल, तेव्हा तिच्यासाठी सावली व पाणी उरले असले पाहिजे. तशी सुबुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो.