दार कोणी उघडले?

मंदिराचे दार उघडणारा हात पापी असेल, तर त्या दारातून आत जाऊन केलेली प्रार्थना मलिन होते काय? वरवर पाहता हा प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु दक्षिण रशियात, डॉन नदीच्या काठी वसलेल्या रोस्तोव्ह शहरातील ऑर्थोडॉक्स भाविकांपुढे तो १९४२ साली प्रत्यक्ष उभा राहिला. त्यांची ही कहाणी आपणही शांतपणे विचारात घ्यावी अशी आहे.

या शहराला नाव मिळाले ते एका संतामुळे. १७४९ साली येथे जकातनाके उभे राहिले आणि १७६१ साली किल्ल्याचे काम सुरू झाले. उत्तरेकडील प्राचीन रोस्तोव्हचे महागुरू आणि संतचरित्रांच्या विशाल संग्रहाचे कर्ते संत दिमित्री यांचे नाव त्या किल्ल्याला देण्यात आले. पुढे किल्ला गेला, नाव मात्र शहराला चिकटून राहिले. व्यापाराने शहर भरभराटले, तशी मंदिरेही वाढली. १८५४ ते १८६० या काळात भर बाजारपेठेला लागून पवित्र कुमारी मरियेच्या जन्माचे कथेड्रल बांधले गेले. मॉस्कोच्या सुप्रसिद्ध ख्रिस्त तारणारा महामंदिराचे शिल्पकार कॉन्स्टंटिन टोन यांचाच तो आराखडा होता. पुढे १८८७ पर्यंत त्याच्याजवळ सुमारे ७५ मीटर उंचीचा घंटामनोरा उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर नेव्हस्की यांच्या नावाचे दुसरे भव्य कथेड्रलही पूर्ण झाले.

क्रांतीनंतर हे सारे पालटले. १९३० साली अलेक्झांडर नेव्हस्की कथेड्रल पाडण्यात आले. १९३७ साली मरियेच्या कथेड्रललाही टाळे लागले आणि जेथे मिस्सा होई तेथे गोदाम झाले. जुलै १९४२ मध्ये माघार घेणाऱ्या सोव्हिएत सैन्याने घंटामनोऱ्याचे वरचे मजले सुरुंगाने उडवून दिले. त्याच महिन्यात शहर दुसऱ्यांदा जर्मनांच्या हाती पडले आणि या ताब्याच्या काळातच कथेड्रलमध्ये पुन्हा उपासना सुरू झाली.

नाझी सत्तेला ख्रिस्ती श्रद्धेचे प्रेम नव्हते. सोव्हिएत राजवटीने दुखावलेली मने आपल्याकडे वळवावीत, एवढाच तिचा हिशेब होता. त्याच सत्तेने ११ ऑगस्ट १९४२ रोजी रोस्तोव्हच्या यहुदी रहिवाशांना स्थलांतराच्या नावाखाली एकत्र केले आणि शहराबाहेरच्या झ्मियोव्स्काया बाल्का या घळीत नेऊन ठार मारले. तेथे बळी पडलेल्यांची संख्या, युद्धकैदी व इतर नागरिक धरून, सुमारे २७,००० सांगितली जाते. विख्यात मनोविश्लेषक साबिना श्पीलराईन आणि त्यांच्या दोन मुली याच हत्याकांडात गेल्या.

मग त्या कथेड्रलमध्ये मेणबत्ती लावणाऱ्या वृद्ध आईला दोषी म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. बायबलमध्ये परकीय कोरेश राजाने यहुद्यांना मायदेशी जाऊन मंदिर बांधण्याची मुभा दिली आणि यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव त्याला आपला अभिषिक्त म्हणतो. देवाची कृपा यायची झाली, तर ती देणाऱ्याच्या हेतूवर अडून राहत नाही. ज्या माउलीने पाच वर्षे बंद दाराकडे पाहून अश्रू ढाळले, तिची प्रार्थना तिचीच होती. दार उघडणाऱ्या सेनापतीचा तिच्यावर काडीचाही अधिकार नव्हता.

परंतु विचार येथेच थांबवला, तर तो अपुरा राहील. एका हाताने दार उघडून दुसऱ्या हाताने शेजाऱ्याचे घर रिकामे करणाऱ्या सत्तेची देणगी गळफासासारखी असते. घेणाऱ्याने कृतज्ञ राहून गप्प बसावे, हीच तिची अपेक्षा असते. येशूने सांगितलेल्या भल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक आणि लेवी जखमी माणसाला पाहून पलीकडून निघून गेले. त्यांची उपासना खोटी होती, असे प्रभू म्हणत नाही. वाटेवर पडलेल्या माणसाला त्यांच्या मनात जागा मिळाली नाही, एवढेच तो दाखवून देतो. दहशतीच्या राज्यात सामान्य माणूस काय करू शकला असता, याचा निवाडा सुरक्षित घरात बसलेल्या आपण करू नये. मात्र मिळालेल्या सवलतीचे ऋण देणाऱ्याला नव्हे, तर नाडलेल्या शेजाऱ्याला फेडायचे असते, हे आपण निश्चित म्हणू शकतो.

असाच प्रश्न पुढच्याच वर्षी उलट बाजूने आला. ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री स्टालिनने तीन महागुरूंना क्रेमलिनमध्ये बोलावून घेतले आणि चारच दिवसांनी सेर्गियस यांची पेट्रिआर्कपदी निवड झाली. वर्षानुवर्षे धर्मगुरूंना तुरुंगात धाडणारी राजवट, युद्धात लोकांचे बळ हवे म्हणून मंदिरांविषयी मवाळ झाली होती. रोस्तोव्हमध्ये फेब्रुवारी १९४३ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले, तरी कथेड्रल उघडेच राहिले. सत्ता बदलली, तरी सवलतीमागचा हिशेब तसाच राहिला.

मोडलेला घंटामनोरा १९९९ साली पुन्हा पूर्ण उंचीने उभा राहिला. झ्मियोव्स्काया बाल्का येथील स्मृतीचा मार्ग मात्र अधिक खडतर ठरला. २००४ साली लावलेल्या फलकावर यहुदी बळींचा उल्लेख होता. २०११ साली त्याऐवजी केवळ 'शांतताप्रिय नागरिक' अशा अर्थाचा मजकूर आला, आणि वादानंतर २०१४ मध्ये यहुद्यांचा उल्लेख परत आला. दगडविटांचा मनोरा उभारणे तुलनेने सोपे असते. मेलेल्या शेजाऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने आठवणे अवघड जाते.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामालाही कधी एखाद्या सत्ताधाऱ्याकडून जागा, परवानगी वा देणगी मिळते. ती स्वीकारावी की नाकारावी, याचा निर्णय प्रसंगानुरूप होईल. पण स्वीकारताना एक प्रश्न आपण स्वतःला अवश्य विचारावा : ज्या हाताने हे आपल्याला दिले, त्याच हाताने आज कोणाचे घर हिरावले जात आहे, आणि येत्या रविवारी वेदीसमोर गुडघे टेकताना त्या माणसाला आपल्या प्रार्थनेत स्थान असेल काय?