गुण आला, पण कशाने?

होमिओपॅथीने गुण आला असं सांगणारं कुणी ना कुणी आपल्याकडे प्रत्येक घरात भेटतं. ती माणसं खोटं बोलत नसतात. पण सर्दी आपोआप ओसरते, संधिवात कधी उसळतो, कधी निवतो, आणि औषधाकडे आपण वळतो ते बहुधा त्रास टोकाला गेल्यावर. त्यानंतर उतार पडणारच असतो. म्हणून नुसतं ‘बरं वाटलं’ पुरत नाही. गोळीत औषध नसतं तरीही तितकंच बरं वाटलं असतं का, हे तपासावं लागतं.

हे कसं तपासायचं, ते जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या नागरिकांनी १८३५ मध्येच दाखवून दिलं. फॉन होवेन या डॉक्टरांनी होमिओपॅथीवर कडक टीका केली होती. रॉयटर नावाच्या होमिओपॅथने उलट आव्हान दिलं: मिठाचं ३० पोटेन्सीचं द्रावण घेऊन बघा, काहीतरी जाणवेलच. मिठाचा एक कण शंभर थेंब पाण्यात, त्यातला एक थेंब पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. (बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळपास संपते.) शंभर कुप्यांवर आकडे घातले, त्या नीट मिसळल्या. निम्म्यांत हे द्रावण, निम्म्यांत बर्फाचं नुसतं ऊर्ध्वपातित पाणी. कोणत्या कुपीत काय, याची यादी मोहोरबंद. घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, वाटणाऱ्यालाही नाही. पुढे ५० जणांनी अनुभव कळवले. ४२ जणांना काहीच जाणवलं नव्हतं. उरलेल्या आठांपैकी पाच जणांनी द्रावण घेतलं होतं, तिघांनी साधं पाणी.

पन्नास माणसं थोडी, हे मान्य. पण पद्धतीमागचा विचार निर्दोष होता, आणि आजचं संशोधन वाचतानाही तीच कसोटी लावायची. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिंडे आणि सहकाऱ्यांनी ८९ चाचण्या एकत्र करून होमिओपॅथीच्या बाजूचा निष्कर्ष मांडला. समर्थक तो आजही पुढे करतात. त्याच मंडळींनी १९९९ मध्ये पुन्हा आकडेमोड केली तेव्हा चाचणी जितकी काटेकोर, तितका परिणाम कमी, असं दिसलं, आणि आधीचा अंदाज फुगलेला असावा हे त्यांनी स्वतःच लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने ६१ आजारांवरचे पुरावे तपासले. खात्रीने उपयोग होतो असं म्हणता येईल, असा त्यात एकही आजार सापडला नाही.

तरीही रुग्णाचा अनुभव झटकून टाकू नये. इंग्लंडमध्ये संधिवाताच्या ८३ रुग्णांवर झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की होमिओपॅथकडून सविस्तर तपासणी, विचारपूस लाभलेल्यांना फायदा झाला. मग गोळी खरी असो की खोटी. तासभर ऐकून घेणारा डॉक्टर ही मोठी गोष्ट आहे, आणि दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देणाऱ्या आपल्या ओपीडींनी ती शिकायलाच हवी.

कोविडच्या काळात आपल्याकडे आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथिक औषधाच्या गोळ्या ठिकठिकाणी वाटल्या गेल्या. देणाऱ्यांची कळकळ खरी होती. पण आधी चाचणी आणि मग वाटप, हा क्रम पाळायला हवा होता.

मनमोकळं बोलता येतं म्हणून होमिओपॅथकडे जात असाल तर जरूर जा. मात्र इन्सुलिन, दम्याचा पंप किंवा क्षयाच्या गोळ्या त्यासाठी बंद करू नका.